स्कायरिममध्ये भरकटलास? आधी 'नको' म्हणायला शीक

देवगडहून एका कॉलेजच्या पोराचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "दादा, सेलमध्ये स्कायरिम या गेमची स्पेशल एडिशन घेतली. पंचवीसेक तास झाले, लेव्हल 18 आहे. जर्नलमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, चाळीसच्या वर क्वेस्ट (गेमने दिलेली कामं) साठल्यात, कुठून हात घालायचा तेच समजत नाही. तलवार, धनुष्य, जादू सगळं थोडं थोडं येतं, तरी दरोडेखोरांचा म्होरक्या दोन फटक्यांत लोळवतो. आता कंटाळा यायला लागलाय. नव्याने सुरू करू का? आणि क्वेस्ट कुठल्या क्रमाने करायच्या?"

नव्याने सुरू करू नकोस. कणकवलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याआधी त्याच गाळ्यात गेमिंग कॅफे होता. हा आजार मी चांगला ओळखतो. पोरं कौतुकाने आपले सेव्ह दाखवतात आणि यादीत एकाखाली एक पाच-सहा पात्रं दिसतात, सगळी लेव्हल 15 ते 20 च्या दरम्यान वाऱ्यावर सोडलेली. गेमच्या सुरुवातीचा हेल्गन गावातला शिरच्छेद प्रत्येकाने इतक्या वेळा बघितलाय की गाडीतल्या कैद्यांचे संवाद तोंडपाठ आहेत. शेवट मात्र एकानेही बघितलेला नाही. नवं पात्र काढलंस तर तुझंही तेच होणार, कारण दोष पात्रात नाही.

आणि क्रमाचं म्हणशील तर क्रम असा काही नाहीच. 'कोण म्हणून खेळतोयस' याचं उत्तर नसेल तर जगातला कुठलाही क्रम तुला पुन्हा इथेच आणून सोडेल.

स्कायरिम कशालाच नाही म्हणत नाही. हा गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला, त्याआधी याच मालिकेतले मोरोविंड (2002) आणि ऑब्लिव्हियन (2006) होते. त्या दोन्हीत सुरुवातीलाच तुझा वर्ग ठरायचा, म्हणजे योद्धा, जादूगार, चोर किंवा त्यांचं मिश्रण. मोरोविंडमध्ये तर एखाद्या संघात वरची पायरी हवी असेल तर त्या संघाला लागणारी स्किल्स तेवढी वाढलेली असावी लागत, नाहीतर बढती नाही. स्कायरिमने ते सगळं काढून टाकलं. अठरा स्किल्स आहेत आणि अठराही तुला खुली. विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात दारावर एक साधा मंत्र म्हणून दाखवायचा आणि आत. पुढे बरीचशी कामं कुऱ्हाडीने उरकलीस तरी शेवटी आर्चमेज, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, तूच. कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीचा प्रमुख तू, रिफ्टनच्या चोरांचा म्होरक्या तू, मारेकऱ्यांच्या डार्क ब्रदरहूडचाही मुख्य तूच. एकालाही दुसऱ्याबद्दल काही विचारावंसं वाटत नाही.

पहिले वीस तास हे भारी वाटतं. मग एक दिवस लक्षात येतं की आपण काहीही केलं तरी चालतंय, म्हणजे आपण काय करतोय याने कोणाला काही फरकच पडत नाहीये. तुझा कंटाळा तिथून आलाय. गेम नकार देत नाही, तर नकार देण्याचं काम खेळणाऱ्याच्या अंगावर येतं. ते कोणी शिकवत नाही.

तू देवगडचा, जत्रेत दशावतार बघितला असशील. आख्यान ठरलेलं असतं, पण लिहिलेले संवाद नसतात. कोण राजा, कोण राक्षस, कोण नारद एवढं ठरलं, पेटी-मृदंग लागला, की नट रंगमंचावर जाऊन पहाटेपर्यंत मनाने बोलतो. त्याला काय बोलायचं ते सुचतं कारण आपण कोण आहोत ते त्याला पक्कं माहीत असतं. राजाच्या वेषातला माणूस मध्येच नारदाची कळ लावायला लागला तर समोरची म्हातारी माणसं उठून चहाला जातील. स्कायरिममधलं आख्यानही आधीच लिहून ठेवलंय: आल्डुइन नावाचा ड्रॅगन येणार, तू ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला) निघणार, शेवटी त्याला मारणार. त्यात तुझं म्हणून जे असेल ते वेष घेतल्यावरच येतं.

तर आज एवढंच कर. वहीत पात्राबद्दल तीन ओळी लिही. पहिली ओळ, हा कशाने लढतो. दुसरी, हा काय कधीच करणार नाही. तिसरी, याला काय हवंय. दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि पोरं नेमकी तीच गाळतात.

उदाहरण देतो. नॉर्ड शिकारी, धनुष्य आणि एका हाताची कुऱ्हाड, अंगावर हलकं चिलखत. जादूला हात लावणार नाही, कारण स्कायरिमच्या नॉर्ड लोकांचा जादूवर विश्वास नाहीच. चोरी करणार नाही. त्याला एक घर आणि चार लोकांत मान हवाय. झालं. आता विंटरहोल्डचं कॉलेज गेलं, रिफ्टनचे चोर गेले, डार्क ब्रदरहूडही गेली, शिवाय जिथे जिथे 'अमक्याच्या घरातून अंगठी पळवून आण' असं कोणी सांगेल त्या सगळ्या क्वेस्ट गेल्या. तुझ्या चाळीसमधल्या निम्म्याअधिक तिथेच गळतील आणि उरलेल्या करायला कारण असेल. दुसरं उदाहरण म्हणून एखादी ब्रेटन जमातीची वैदू बाई घे. अल्केमी (औषधं बनवणं), रिस्टोरेशन (जखमा भरणारी जादू) आणि सोबतीला कॉन्ज्युरेशन (मदतीला भुतं बोलावणारी जादू), अंगावर चिलखत कधीच नाही. ब्रेटनांना जादूच्या माऱ्यापासून जन्मतःच 25 टक्के संरक्षण असतं, ते इथे कामी येतं. तोच गेम, पण या दोघांचे पन्नास तास एकमेकांसारखे दिसणार नाहीत.

तुझं पात्र तर पंचवीस तास जुनं आहे, त्याला वेष शोधायला लांब जायला नको. स्किल्सचा पडदा उघड, ते नक्षत्रांचं आकाश दिसतं ते. इथे स्किल वापरल्यानेच वाढतं, म्हणजे तू आजवर प्रत्यक्षात काय केलंस त्याचा हिशोबच तिथे मांडून ठेवलाय. सगळ्यांत वर असलेली दोन लढाईची स्किल्स घे. तीच ठेव, बाकीची विसर.

आता म्होरक्या तुला दोन फटक्यांत का लोळवतो ते सांगतो. इथे नीट लक्ष दे, कारण गेम हे कुठेच समजावून सांगत नाही.

स्कायरिममधलं जग बरंचसं तुझ्या लेव्हलप्रमाणे वाढतं. तू लेव्हल 5 ला असताना पुलावर साधा दरोडेखोर उभा असतो, 18 ला त्याच पुलावर त्याचा थोरला भाऊ असतो. आणि तुझी लेव्हल कुठलंही स्किल वाढलं तरी वाढते. कुलपं उघडलीस, खिसे मारलेस, लोहाराच्या दुकानात बसून खंजीर आणि अंगठ्या घडवल्यास, बाजारात घासाघीस केलीस, सगळं लेव्हलमध्ये जमा होतं. बिचाऱ्या शत्रूंना कुठे माहीत की तुझी 18 वी लेव्हल लॉकपिकिंग आणि स्पीचच्या जोरावर आली आहे! ते आपले 18 च्या तयारीने येतात आणि तुझं तलवारीचं स्किल अजून तिशीत. मग मार खाणार नाहीतर काय.

त्यात पर्क, म्हणजे लेव्हल वाढली की एखाद्या स्किलला मिळणारी जास्तीची ताकद. लेव्हलला एक या हिशोबाने तुझ्याकडे सतरा पर्क आले असतील आणि तू ते 'सगळ्यात थोडं थोडं' असे वाटून टाकले असशील. वाटलेले सहजासहजी परत मिळत नाहीत. एखादं स्किल 100 ला नेऊन ते 'लेजेंडरी' केलं तर त्यातले सुटतात, किंवा ड्रॅगनबॉर्न या एक्स्पान्शनची (गेमच्या जोडभागाची) मुख्य कथा संपवल्यावर ड्रॅगनचे आत्मे देऊन सोडवता येतात. दोन्ही गोष्टी तुझ्यासाठी लांब आहेत. पण घाबरायचं कारण नाही, लेव्हलला वरची मर्यादा नाही. यापुढचे दहा पर्क निवडलेल्या दोन स्किल्समध्ये आणि एक तुझ्या चिलखतात घाल, बाकी कुठेही नाही. फरक तुला लेव्हल 22-23 लाच जाणवेल.

दर लेव्हलला हेल्थ, मॅजिका (जादूची ताकद), स्टॅमिना (दम) यातलं एक दहाने वाढवता येतं. तलवार किंवा धनुष्य धरलं असशील तर हेल्थ 200 होईपर्यंत दुसरीकडे बघू नकोस. स्टॅमिनाला पॉइंट दिला की वजन उचलायची ताकदही पाचने वाढते, म्हणून पोरं तिथे ओततात. वजनाचा इलाज वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

धार लावायला विसरू नकोस. प्रत्येक मोठ्या गावात लोहाराकडे सहाण आणि चिलखताचं बाक असतं. एक पोलादाची कांब घालून पोलादी तलवार सुधारता येते, त्याला कुठलीही जादू लागत नाही. व्हाइटरनच्या वेशीत शिरल्या शिरल्या लोहाराचं दुकान आहे, त्यावरून तू शंभरदा धावत गेला असशील.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याची लांबची बहीण, एवढं चुलीवरच्या पातेल्यात घातलं की व्हेजिटेबल सूप होतं. ते 720 सेकंद, म्हणजे बारा मिनिटं, दर सेकंदाला एक हेल्थ आणि एक स्टॅमिना भरत राहतं. आकडा किरकोळ वाटतो. पण या गेममध्ये स्टॅमिना शून्याच्या वर असला की जोरकस वार मारता येतो, पुरेसा असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे सूप पिऊन गेलेला तलवारबाज बारा मिनिटं न थकता दणके घालतो. चिलखताला हजारो सेप्टिम (तिथली नाणी) घालणाऱ्यांना मी हे सूप प्यायला लावलंय.

डिफिकल्टी किती ठेवलीस ते तू सांगितलं नाहीस. अडेप्टवर दोन्ही बाजूंचा मार जसाच्या तसा लागतो. एक्स्पर्टवर तुझा वार पाऊणपट आणि त्यांचा दीडपट होतो, मास्टरवर तुझा निम्मा आणि त्यांचा दुप्पट. लेजेंडरीवर तुझा पाव आणि त्यांचा तिप्पट. शत्रू हुशार होत नाहीत, फक्त मारता मरत नाहीत. मित्रांमध्ये सांगायला म्हणून लेजेंडरीवर तलवार घासत बसायचं असेल तर तुझी मर्जी. मी अडेप्टवर खेळतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता हे सगळं एका जागी कसं दिसतं ते बघू. व्हाइटरनच्या पूर्वेला नदीकाठाने गेलास की वाल्थाइम टॉवर्स लागतात. दोन काठांवर दोन दगडी बुरूज, मध्ये नदीवर उंच पूल. बुरुजापाशी एक दरोडेखोर बाई अडवते आणि वाटेचा कर म्हणून 200 सेप्टिम मागते. बहुतेक पोरं काय करतात? तलवार काढतात, पायऱ्यांवर धावतात, वरून बाण खातात, पुलाच्या पलीकडून म्होरक्या येतो आणि लोड गेम.

वेष घेऊन तिथे जा. शिकारी असेल तर तो मुळात रस्त्याने येणारच नाही. पलीकडच्या उतारावरून, झाडांच्या आडून, अंधार पडल्यावर एकेकाला टिपेल. ढालवाला योद्धा आत शिरेल पण पूल ओलांडणार नाही. जिन्याच्या अरुंद तोंडाशी उभा राहील आणि एकेकाला आपल्याकडे येऊ देईल, कारण तिथे एका वेळी एकच जण अंगावर येऊ शकतो आणि तिरंदाजांना तो दिसत नाही. स्पीच वाढवलेला बोलबच्चन माणूस करच देणार नाही, बोलूनच सुटेल. इल्यूजनवाला, म्हणजे मन फिरवणारी जादू करणारा, त्यांना आपापसात लावून देईल. मात्र या मंत्रांना शत्रूच्या लेव्हलची मर्यादा असते, सुरुवातीचा फ्यूरी लेव्हल 6 पर्यंतच चालतो, म्हणून इल्यूजन अर्धवट ठेवून चालत नाही, धरलं तर पुढे न्यावंच लागतं. आणि जो 'अनरिलेंटिंग फोर्स' ही ड्रॅगनभाषेतली आरोळी तिन्ही शब्दांसकट शिकलाय त्याने म्होरक्या पुलाच्या मध्यावर येईपर्यंत थांबावं, आणि एक आरोळी ठोकावी. उरलेलं काम नदी करते.

बघ, इथे कुठेही 'सगळ्यात चांगला मार्ग' नाही. पण तीन पावलं तलवारीने, दोन बाण, मग हातातून थोडी आग, असं धेडगुजरी करणारा माणूस पाचही मार्गांवर मरतो. तू तिथेच आहेस.

एक इशारा. स्वतःला मोकळं सोडलं की जवळपास प्रत्येक जण शेवटी लपून बाण मारणारा होतो, जगभरचे स्कायरिमवाले यावर विनोद करतात. कारण साधं आहे: लपून मारलेला बाण सुरुवातीपासूनच दुप्पट लागतो, एका पर्कने तिप्पट होतो, आणि कोणी जवळ येतच नाही. खेळायला मजा आहे, पण वाकून चालता चालता अर्धा गेम संपतो. खंजीर घेतलास तर मात्र गोष्ट वेगळी, स्नीक या लपण्याच्या स्किलच्या वरच्या पर्कने मागून मारलेला खंजीर पंधरापट लागतो आणि त्यासाठी शत्रूच्या पाठीशी जाण्याची छाती लागते. मला तो जास्त आवडतो.

जर्नलचं काय करायचं? साफ करता येत नाही, पण प्रत्येक क्वेस्टवरची खूण काढता येते. सगळ्या काढ, एकच ठेव. बाजारातून जाताना कोणाचं तरी बोलणं कानावर पडलं तरी इथे नवी नोंद होते. ते काम तू स्वीकारलेलं नाहीस, त्यामुळे डोक्यावर घेऊ नकोस. शिवाय काही क्वेस्ट कधीच संपत नाहीत. खानावळवाल्याने दिलेली दरोडेखोर मारायची सुपारी, कम्पॅनियन्सची किरकोळ कामं, रिफ्टनच्या चोरांची छोटी कामं, ही सगळी गेम आपोआप तयार करतो. एक केलीस की दुसरी उभी. यादी संपवायच्या मागे लागलेल्या माणसासाठी हा सापळाच आहे.

आणि कशालाही मुदत नाही. आल्डुइन जग गिळायला आलाय असं सगळे ओरडत असले तरी तू दोन वर्षं मासे पकडत बसलास तरी तो थांबतो. घाई करू नकोस. अपवाद माणसांचा. ड्रॅगन गावावर उतरला, किंवा लेव्हल 10 नंतर व्हॅम्पायर आले, तर तुझा नेहमीचा दुकानदार खरंच मरू शकतो आणि परत येत नाही. अशा वेळी गावात असशील तर क्वेस्ट बाजूला ठेव आणि लढ.

मुख्य कथेचं माझं मत असं: व्हाइटरनच्या पश्चिम बुरुजावरचा पहिला ड्रॅगन मारून हाय ह्रोथगारला, म्हणजे डोंगरावरच्या मठात, जाईपर्यंत ती सरळ कर, मग खुशाल सोड. त्या ड्रॅगनला मारल्याशिवाय इतरत्र ड्रॅगन उडायला लागत नाहीत, आणि ड्रॅगन नसलेला स्कायरिम म्हणजे काय. वर करड्या साधूंकडे आरोळ्या शिकायला मिळतात, त्या पुढे सगळीकडे लागतात. सात हजार पायऱ्या म्हणतात त्या वाटेवर बर्फातला ट्रोल आडवा येतो. त्याला आग सोसत नाही, एवढं लक्षात ठेव. जादूला न शिवणारा शिकारी असशील तर मशाल आणि भरपूर बाण घेऊन जा आणि उंचावरून मार.

स्कायरिममध्ये साम्राज्य आणि बंडखोर यांच्यात चाललेल्या यादवी युद्धात कोणाची बाजू घ्यायची हे मला विचारू नकोस. तुझ्या तीन ओळींना विचार. कोणाचीच न घेणं हेही उत्तर आहे, आणि पुष्कळदा तेच बरं असतं.

आता ते वजन. सुरुवातीला 300 उचलता येतं आणि तुझ्या पिशवीत आत्ता नक्की चार लोखंडी शिरस्त्राणं, बारा पुस्तकं आणि कुठल्यातरी थडग्यातल्या सुरया असतील. 'माका सगळाच होया' हा स्वभाव बाहेर ठेवून ये. माझा नियम: किंमत वजनाच्या दहापट नसेल तर वस्तू जागेवर राहू दे. दुकानदारांकडेही मोजकेच पैसे असतात आणि ते भरायला दोन दिवस लागतात, त्यामुळे ओझं वाहून नेऊनही विकलं जात नाही. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम हे घर 5000 सेप्टिमला मिळतं, पहिले पैसे तिथे घाल. तिथल्या पेटीत ठेवलेलं कुठे जात नाही. लिडिया ही गेमने दिलेली सोबतीण बरोबर असेल तर तिच्या पाठीवर थोडं दे, ती टोमणा मारून का होईना, नेते.

नकाशावर टिचकी मारून उडत जाण्याचा मोह सांभाळ. पाचही तटबंदीच्या शहरांबाहेर घोडागाडी मिळते, वीस-पन्नास सेप्टिममध्ये कुठल्याही मोठ्या ठिकाणी सोडते. एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने, आणि भागाच्या आत पायी, असं ठरव. स्कायरिममधल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी वाटेवर ठेवलेल्या आहेत. पण खुणा पूर्ण बंद करून खेळ असं जे काही जण सांगतात ते ऐकू नकोस. मोरोविंडमध्ये माणसं नीट पत्ता सांगायची, पूल ओलांड, दुसऱ्या फाट्याला डावीकडे, असं. स्कायरिममध्ये बहुतेक जण तुझ्या नकाशावर खूण टाकून मोकळे होतात, तोंडाने काही सांगत नाहीत. खुणा काढल्यास तर नुसता भटकशील.

डोळे उघडे ठेवणं मात्र वेगळं. ब्लीक फॉल्स बॅरोतलं ते फिरत्या कड्यांचं दार तू उघडलं असशील. अस्वल, पतंग, घुबड हे उत्तर नेटवर बघितलंस ना? सोन्याचा पंजा पिशवीत उघडून फिरवला असतास तर त्याच्या तळव्यावरच कोरलेलं दिसलं असतं. पुढची बहुतेक तशी दारं त्याच रीतीने उघडतात. नेटवर उत्तर बघणं पाप नाही, पण आधी वस्तू हातात घेऊन फिरवून बघ.

एखादी जागा फार जड गेली तर पळ काढ. त्यातला फायदा असा की डंजनची (गुहा, थडगी, किल्ले यांची) लेव्हल तू पहिल्यांदा आत शिरलास तेव्हाच ठरते आणि तशीच राहते. काहींना किमान लेव्हल असते म्हणून ती आज जड जातात. तू चार लेव्हल वाढून परतलास तर ती जागा तिथेच असते. राक्षसांच्या, म्हणजे मॅमथ राखणाऱ्या त्या जायंट्सच्या, वाटेला मात्र आत्ता जाऊच नकोस. त्याचा सोटा लागला की तू आकाशात जातोस, अक्षरशः.

मॉड्सबद्दल, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांबद्दल, तू विचारलं नाहीस, पण विचारशील. चालू खेळात मध्येच मोठे मॉड घालू नकोस आणि घातलेले काढू तर मुळीच नकोस, सेव्ह बिघडतो. चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच असेल तर बरा, बाकी दुसऱ्या खेपेला.

सेव्हचं महत्त्व आपल्याकडे जरा जास्तच. मिरग लागला की लाईटचा भरवसा नाही, आणि 2021 च्या तौक्ते वादळानंतर किनारपट्टीला काय झालं ते तुला सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घे. खेळताना नुसत्या एफ 5 वर, म्हणजे झटपट सेव्हवर, विसंबू नकोस. दर डंजनच्या आधी आणि नंतर मेनूत जाऊन वेगळा सेव्ह कर, म्हणजे एक बिघडला तर मागचा राहतो. डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स' फोल्डरात स्कायरिमचं फोल्डर आहे, त्यातलं 'सेव्ह्ज' आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरव. आणि पावसाळ्यात लॅपटॉप आठ-आठ दिवस बंद ठेवू नकोस. खारी हवा आणि दमट कपाट यांनी बोर्ड गंजलेली मशिनं दर सप्टेंबरला माझ्या टेबलावर येतात. रोज थोडा वेळ चालू असलेलं मशीन कोरडं राहतं, घरच्यांना हे कारण सांगून बघ.

गणपतीत मुंबईचा भाऊ येईल आणि एल्डन रिंग किंवा विचर 3 हा दुसरा गेम घेऊन बसेल, म्हणून दोन शब्द. तिथे हीच रीत जशीच्या तशी लावू नकोस. विचर 3 (2015) मध्ये वेष आधीच चढवलेला आहे, तू गेराल्ट हा राक्षस मारणाराच असतोस. क्वेस्टसमोर लेव्हल लिहिलेली असते, ती पाळ. तुझ्यापेक्षा सहा लेव्हल खालची क्वेस्ट केलीस तर अनुभवाचे पॉइंट अगदीच कमी मिळतात, पण तिथल्या छोट्या कथाही इतक्या चांगल्या आहेत की पॉइंटचा विचार सोडून कराव्यात. फक्त स्केलिगे बेटांच्या समुद्रातल्या प्रश्नचिन्हांच्या मागे लागू नकोस. होडी हाकत एकामागून एक बुडालेल्या पेट्या काढायच्या, आणि पेटीत काही विशेष नसतं.

एल्डन रिंग (2022) बरोबर उलटा. जग तुझ्या लेव्हलप्रमाणे हलत नाही, जे जिथे बसवलंय ते तिथेच तेवढंच जड. बाहेर पडल्या पडल्या सोनेरी घोडेस्वार दिसतो, तो लढायला नाही, वळसा घालून जायला शिकवायला ठेवलाय. किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट हा मोठा शत्रू अडवून धरतो तेव्हा पोरं त्याच्यावरच डोकं आपटत बसतात. त्याऐवजी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग फिरून ये, शस्त्र सुधार, व्हिगर (म्हणजे तिथली हेल्थ) वाढव, मग ये. डिफिकल्टी कमी-जास्त करायची सोय तिथे नाही, ती सोय म्हणजे नकाशाच. आणि मेनू उघडला तरी खेळ थांबत नाही. स्कायरिममध्ये आईने हाक मारली की एस्केप दाबून नारळ सोलून येता येतं. तिथे आधी एखाद्या ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, जाऊन बस, मगच ओ दे.